“मंडळ्यांची एकी हा सापळा”: फिरत्या मेसेजला उत्तर

नाताळापासून आपल्या ख्रिस्ती ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: मंडळ्यांत, म्हणजे वेगवेगळ्या चर्चमध्ये, फूट पडणे देवाच्याच योजनेत आहे, त्यांच्या एकीची कल्पना रोमची, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चची आहे, जिथे एकी झाली तिथे कोर्टकचेऱ्याच वाढल्या, आणि वाडवडिलांनी राखलेले वेगळेपण सोडणे म्हणजे विश्वास सोडणे. वाशीम-यवतमाळकडचे कितीतरी जण खाली ‘आमेन’ लिहून तो पुढे पाठवतात. त्यात आमच्या मंडळीतले जाणते वडीलही आहेत, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे.

मेसेजचा पहिला आधार बायबलमधले करिंथकरांस पहिले पत्र, अकरावा अध्याय, एकोणिसावे वचन: तुमच्यात पक्ष असणे भाग आहे. मेसेज तिथे थांबतो, पत्र लिहिणारा पौल थांबत नाही. दोनच वचने पुढे तो सांगतो की प्रभुभोजनाला जमल्यावर एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो, आणि याबद्दल मी तुमची वाहवा करणार नाही. म्हणजे ज्या फुटीवर तो चिडला आहे, तिलाच मेसेजवाल्यांनी आज्ञा करून टाकले! पत्राच्या आरंभी तर ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ म्हणणाऱ्यांना तो सरळ विचारतो, ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत काय?

रोमचे षड्यंत्र हा मुद्दा तारखांपुढे टिकत नाही. आपल्या देशातील मंडळ्यांनी एक व्हावे ही हाक १९१९ साली तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या सभेतून उठली. तिच्यात पुढाकार होता दोर्नाकलचे बिशप अझरिया यांचा, आणि ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले होते, रोमचे नव्हे. उलट १९२८ साली पोपने कॅथलिकांना अशा ऐक्यसभांत भाग घ्यायला मनाई केली होती. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ऐक्याविषयीचा आपला ठराव काढला, तेव्हा ती भूमिका बदलली. जी गोष्ट रोमने इतकी वर्षे नाकारली, ती रोमचे कारस्थान कशी?

कोर्टकचेऱ्यांचे म्हणणे मात्र खोटे नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले. पुढे मालमत्तेचे वाद झाले, गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीचा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण भांडण झाले ते जमिनी आणि ट्रस्टवरून. ज्यांनी कधी एकी केली नाही, त्या मंडळ्यांतही मिशन कंपाऊंडच्या जागेवरून खटले चालतातच. आणि त्याच एकीत लहान मुलांचा बाप्तिस्मा मानणारे आणि समज आल्यावरचा मानणारे, दोघेही आपापली रीत ठेवून एका मंडळीत राहिले. एकी म्हणजे सगळ्यांना एका साच्यात घालणे, हा मेसेजचा धाक इथे निकालात निघतो.

आता वाडवडिलांचे वेगळेपण. ते खरोखर आपल्या वाडवडिलांचे आहे का?

नागपूरला १८४५ साली मिशनरी स्टीफन हिस्लॉप आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. ही मंडळी दोनच वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये फुटून निघाली होती. मुख्य वाद होता की गावच्या मंडळीवर पाळक (पास्टर) नेमण्याचा हक्क तिथल्या जमीनदाराचा की मंडळीचा. यवतमाळकडे आलेली फ्री मेथडिस्ट मंडळी १८६० साली न्यूयॉर्क राज्यात वेगळी झाली. गुलामगिरी आणि चर्चमधली बाके भाड्याने देण्याची चाल, ही त्यामागची मोठी कारणे. त्यांची बाजू न्यायाची होती, याबद्दल मला आदर आहे. पण आमच्या खेड्यांत लोक आजही सतरंजीवर बसून उपासना करतात. बाकांच्या भाड्याचे भांडण आम्ही कशासाठी वारसा म्हणून सांभाळायचे? स्कॉटलंडमध्ये तर ती फूट १९२९ पर्यंत बहुतांशी मिटलीसुद्धा. ही फूट आमची नाही, आमच्यावर बाहेरून लादली गेली, हेच तरंगमबाडीत भारतीय पुढाऱ्यांनी म्हटले होते.

या वेगळेपणाची किंमत खेड्यात कोण मोजते, ते मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेले दिसत नाही. आमच्या तालुक्यात पाच-सहा ख्रिस्ती घरांची गावे आहेत आणि त्यातही तीन मंडळ्या. अशाच एका गावात एका म्हाताऱ्या शेतमजूर बाईची मयत भर उन्हात थांबली, कारण दफनभूमी ज्या मंडळीच्या नावावर होती, तिच्या रजिस्टरमध्ये बाईचे नाव नव्हते. फोनाफोनी चालली होती तोवर खड्डा खणायला गावातली बौद्ध आणि कुणबी पोरे फावडी घेऊन उभी होती. ‘जगाने विश्वास धरावा म्हणून ते सर्व एक व्हावेत’, अशी प्रार्थना प्रभूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री केली. त्या पोरांनी त्या दिवशी आमच्याकडे पाहून कशावर विश्वास धरायचा?

एकत्र येणे आपल्या भागाला नवे नाही. निरनिराळ्या मिशनांनी मिळून १९५३ साली यवतमाळला सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारी संस्था, उभी केली. ती १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत वेगवेगळ्या मंडळ्यांचे पाळक तिथे एकाच वर्गात शिकले. ना. वा. टिळकांची भजने तर सगळ्याच मंडळ्या गातात.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. त्या आठवड्यात तालुक्यातल्या पाळकांनी आणि पंचांनी एकदा एकत्र बसावे, आणि दफनभूमी कोणत्याही मंडळीच्या मयतीला खुली राहील असा लेखी ठराव करून प्रत्येक मंडळीच्या फलकावर लावावा.