डिंक सर्वांत शेवटी

परदेशात साडेतीन-चार वर्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवते असं सांगितलं की ऐकणारा दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, मला इंग्रजी येतं. दोन, मी ते शिकवते. पहिलीबद्दल वाद नाही. दुसरीचा हिशेब असा: तास ४० मिनिटांचा. पाच मिनिटं आत येण्यात, पाच बाहेर पडण्यात, चार शू करून येण्यात (एकाला लागली की बाराच्या बारा जणांना लागते, जांभईसुद्धा इतकी वेगाने पसरत नाही), तीन मिनिटं कोण का रडतंय याच्या तपासात. उरलेल्यातली निम्मी डिंकात. मग जी फट राहते तिच्यातून इंग्रजी आत शिरतं.

डिंकाचं शास्त्र कुठल्याच कोर्समध्ये धड शिकवत नाहीत. कागद, खडू, डिंक यांतलं काहीही हातात पडलं की मुलाचे कान बंद होतात. त्यामुळे सूचना आधी, सामान नंतर. मुलांना खाली बसवायचं, हात मांडीवर. समजा कागदाचा मासा करायचाय, तर आधी तयार झालेला मासा दाखवायचा. मग त्यांच्यासमोर एक मासा स्वतः करायचा, तोंडाने फक्त तीन शब्द: ‘कलर’, ‘ग्लू’, ‘स्टिक’. मग कागद. मग खडू, तेही सगळ्यांना एकाच रंगाचे. बारा मुलांत बारा रंग वाटले की निळा कोणाचा यावर जे भांडण पेटतं ते इंग्रजीत होत नाही. आणि डिंक सर्वांत शेवटी, दोघांत एक कांडी, तीसुद्धा आपणच दोन-तीन मिलिमीटर वर काढून. मुलाच्या हाती दिली की तो ती फिरवत फिरवत टोकापर्यंत वर आणतो, मग झाकण लावतो, ते बसत नाही म्हणून जोर लावतो, आणि चिकट कांडी मोडून झाकणात अडकते. यानंतर मासा चिकटत नाही, बाकी सगळं चिकटतं.

तासाची आखणी म्हणजे दूध तापवणं. एक खेळ तीन-चार मिनिटांचा, म्हणजे तासाला सहा-सात आणि वर तीन राखीव. नाच, उड्या, धावून कार्डाला हात लावणं हे उसळवणारे प्रकार. रंगवणं, गोष्ट, डोळे मिटून आवाज ओळखणं हे निववणारे. दोन उसळवणारे लागोपाठ घेतले की दूध उतू जातं, दोन निववणारे लागोपाठ घेतले की साय धरते, म्हणजे कोणीतरी आडवं होऊन जमीन चाटू लागतं. चुकला तो बाद, हे खेळ तर या वयात घेऊच नयेत. बाद झालेलं मूल रडतं, आणि तसंही इंग्रजीची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते, तेव्हा त्यालाच बाजूला बसवण्यात कसलं शहाणपण?

आता शिकवणं. मी म्हणते, ‘रिपीट आफ्टर मी, कॅट.’ बारा तोंडं एका सुरात, ‘रिपीट आफ्टर मी कॅट.’ आज्ञाधारकपणात खोट काढायला जागा नाही. ‘व्हॉट्स धिस?’ विचारलं तर उत्तर ‘व्हॉट्स धिस!’ बिचाऱ्यांना प्रश्न आणि उत्तर यांतली सीमारेषा दिसत नाही, कारण दोन्ही माझ्याच तोंडून येतात. उपाय म्हणजे दुसरं तोंड: हातात घालायची बाहुली. प्रश्न माझा, उत्तर तिचं. मात्र पहिल्या दिवशी ती पिशवीत झोपलेली असावी, फक्त शेंडी दिसावी. एकदम कोणाच्या तोंडासमोर नाचवली तर दोघं-तिघं भोकाड पसरतात. आठवड्याभराने बाहुलीने मांजराचं चित्र बघून ठामपणे ‘डॉग’ म्हणायचं. महिनाभर मुकी बसलेली मुलंसुद्धा उसळून ‘नो! कॅट!’ ओरडतात. चूक काढण्याची हौस कुठल्याही देशात उपजतच असते.

मुकेपणाबद्दल एवढंच, की नवी भाषा कानावर पडू लागल्यावर बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने तोंड उघडत नाहीत. ती शिकत असतात. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत इथे कामी येते: टोटल फिजिकल रिस्पॉन्स. आपण हुकूम द्यायचा, मुलाने अंगाने उत्तर द्यायचं. ‘टच युअर नोज’ म्हटल्यावर बोट नाकावर गेलं की समजलं. नाकात गेलं तरी समजलंच. पण पालकांना बोलणारं मूल हवं असतं, फी त्याची भरलेली असते. ‘तो सगळं ऐकतोय’ हे वाक्य पालकांना पटवणं मुलाला भूतकाळ शिकवण्याहून कठीण.

अक्षरांच्या बाबतीत मराठी माणसाची खास पंचाईत आहे. फोनिक्समध्ये, म्हणजे आवाज जोडून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीत, ‘एस, ए, टी’ अशी अक्षरांची नावं नव्हे, त्यांचे आवाज शिकवायचे. बऱ्याच अभ्यासक्रमांत सुरुवात ए-बी-सीने होत नाही, एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी होते, कारण त्यांतून सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे शब्द लगेच जुळतात. पण आपल्या हाडीमाशी व्यंजनासोबत ‘अ’ खिळलेला. आपण ‘टअ, ॲ, पअ’ शिकवतो, आणि मूल प्रामाणिकपणे जोडून म्हणतं, ‘टअॅपअ’. टॅप त्यातून कधीच निघत नाही. म्हणून प्रत्येक अक्षराचा पाय मोडायचा. ट्, प्, स्. रात्री झोपेतही पाय मोडत राहावं लागतं.

‘पी’चं दुखणं आणखी वेगळं. ‘पिन’मधल्या इंग्रजी प्-बरोबर हवेचा झोत येतो, ‘स्पिन’मधल्या प्-बरोबर येत नाही. आपला मराठी प हा ‘स्पिन’मधला. पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरा: ‘पिन’ म्हणताना हलली पाहिजे. प्रयोग उत्तम आहे. मुलांना फार आवडतो. एकदा दाखवला की पुढची दहा मिनिटं बारा जण पट्टीवर थुंकत असतात, आणि वर्गातली सर्दी एका फेरीत सर्वांना समान वाटली जाते. मास्तरांसकट.

उच्चार सुधारायला मात्र जाऊ नये. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये नोंदवलेला किस्सा या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतो: एक मूल आपल्या खेळण्यातल्या माशाला ‘फिस’ म्हणे. मोठ्या माणसाने ‘हा तुझा फिस?’ विचारलं की ते चिडून ‘नाही, माझा फिस!’ ‘फिश?’ म्हटल्यावर, ‘हो, माझा फिस.’ म्हणजे कान तयार, जीभ मागे. पोर स्वतः चुकेल, पण तुम्ही चुकलेलं खपवून घेणार नाही.

वर्गात इंग्रजीशिवाय बोलायचं नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तो पाळावा, पण पहिल्या आठवड्यात तिथल्या भाषेतली चार वाक्यं पाठ करावीत: शू आली, दुखतंय, ह्याने मारलं, आई कधी येणार. ही कळली नाहीत तर पहिल्या वाक्याचा अर्थ फरशीवर दिसतो. अडचण पुढे येते. इंग्रजी आपण मुलांना देतो आणि त्यांची भाषा त्यांच्याकडूनच उचलतो, तीही साडेतीन वर्षांची. आदरार्थी रूपं ती आपल्याशी वापरत नाहीत, त्यामुळे आपल्यालाही येत नाहीत. मग घरमालकाला ‘तू दे’, आणि व्हिसाच्या खिडकीत बसलेल्या अधिकाऱ्याला ‘ए, माझं झालं!’

व्हिसावरून आठवलं. कागद बरेच लागतात: हेग करारातला देश असेल तर पदवीवर अपोस्टिलचा (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला) शिक्का, १२० तासांच्या टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या) कोर्सचं प्रमाणपत्र, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. बारा कोटांच्या बारा चेन लावता येतात का, हे कोणी विचारत नाही. थंड देशात शेवटची पाच मिनिटं त्याचीच. युक्ती आहे: कोट जमिनीवर उताणा उघडा पसरायचा, टोपीची बाजू मुलाच्या पायांकडे. मुलाने वाकून बाह्यांत हात घालायचे आणि सगळा कोट डोक्यावरून मागे टाकायचा. आपोआप बसतो. चेनचं खालचं टोक खाचेत तळापर्यंत गेलंय हे बघूनच वर ओढायची, नाहीतर ती मध्येच दुभंगते आणि मूलही. बुटांसाठी एका स्टिकरचे दोन तुकडे करून दोन बुटांत आत चिकटवायचे. चित्र जुळलं की डावा-उजवा बरोबर.

एक गोष्ट सांगायची राहिली. आठवडाभर लाल-निळा-पिवळा घोटून घेतला तरी मुलं आधी उचलतात ते ‘वेट!’ आणि ‘नॉट नाऊ’. रंग आपण शिकवण्याच्या आवाजात म्हणतो, ‘वेट’ जिवाच्या आकांताने.

दारात आई विचारते, आज काय शिकलास? मूल त्यांच्या भाषेत सांगतं, काही नाही, खेळलो. आईची नजर माझ्याकडे वळते. ती त्याचा हात धरून ओढू लागते, तसा तो दुसऱ्या हाताचा पंजा तिच्या तोंडासमोर धरतो आणि म्हणतो, ‘वेट!’ शेवटचा ट् अगदी नीट पाय मोडून.