एवढ्यानं काय हुतंय?

मराठवाड्यात शुगर सांभाळणं फारसं अवघड नाही, चहा नाकारणं अवघड आहे. "बिनसाखरेचा करा" म्हटलं की बैठकीत शांतता पसरते, आत भांडी वाजतात आणि पुढ्यात येतो तोच पातेल्यातला चहा. "तुमच्यासाठी साखर कमीच टाकलीय ओ." खरंच बिनसाखरेचा केलाच, तर वहिनींना इतकं वाईट वाटतं की भरपाई म्हणून बशीत पेढे येतात. पेढे नको म्हणावं, तर घरातलं थोरलं माणूस पानाला चुना लावत विचारतं, "एवढ्यानं काय हुतंय?"

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सगळ्या गोळ्यांना हे एक वाक्य पुरून उरलंय.

त्यात आमच्याकडे पक्की समजूत अशी, की शुगर होते ती पोळीनं आणि भातानं, भाकरी निर्दोष. त्यामुळे रिपोर्ट आला त्याच रात्री माझी पोळी बंद झाली आणि भाकरीवरचे सगळे निर्बंध उठले. पुढे आहाराचा सल्ला देणाऱ्या ताईंनी कागदावर लिहून दिलं: ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात कर्बोदकं साधारण 70 ग्रॅम, गव्हाचंही तसंच. भाकरी चांगलीच, पण एक. अर्धं ताट भाजी. लातूरकडची एक भाकरी म्हणजे काय प्रकरण असतं, हे त्यांनी पाहिलेलं नसावं. मीही खुलासा केला नाही.

खरी परीक्षा वेळ अमावस्येला. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या कोपीपुढं पूजा झाली की पंगत बसते. भज्जीबद्दल माझी तक्रार नाही. शेंगादाणे, पालेभाज्या, थोडं बेसन, कुठल्याही डॉक्टरनं सही करावी असा पदार्थ. आंबील ताकातली, तीही चालवून घेऊ. पण मग मेहुणा खिरीचं पातेलं घेऊन येतो. गव्हाची खीर, त्यावर दुधाची धार. मी द्रोणावर हात आडवा धरतो. तो बोटांच्या फटीतून वाढतो.

"दाजी, गुळाची हाय. साखरेचा एक कण न्हाई त्यात."

गूळ काय नि साखर काय, रक्तात गेल्यावर त्यांची भावकी एकच. पण हे बांधावर बसून कुणाला समजावणार? बरं, तपासणीच्या आधी दोन दिवस उपाशी राहून निभावून न्यावं, तर तीही सोय नाही. एचबीएवनसी नावाची तपासणी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर त्यात मोजतात. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा पंचनामा. मेहुण्यानं वाढलेली खीर माघ महिन्यात माझ्या नावावर निघते.

गोळ्यांचे स्वभाव वेगवेगळे. मेटफॉर्मिन यकृताला दटावते की साखर कमी सोड. ती जेवणासोबत घ्यायची, नाहीतर पोटात जो गोंधळ सुरू होतो तो लातूर-नांदेड एसटीत बसलेल्या माणसाला परवडत नाही. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर काढते. 2020 साली तिचं पेटंट संपलं, खूप कंपन्या उतरल्या, तेव्हा कुठे आमच्या खिशाला ती झेपली. शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या हळहळल्या, "म्हंजे साखर इकत आणायची आन् मोरीत सोडायची? त्यापरीस चहाच बिनसाखरेचा घ्यावा की!" सगळ्या गल्लीत एवढा शहाणा सल्ला मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही. अर्थात त्यानंतर त्यांनी दिलेला चहा गोडच होता.

तिसरी ग्लिमेपिराइड. ही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि ताट वाढलंय की नाही याची चौकशी करत नाही. जेवण लांबलं की साखर घसरते. 70 च्या खाली गेली तर लगेच 15 ग्रॅम साखर खायची, म्हणजे तीन चमचे, आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं. आख्ख्या उपचारात साखर खा म्हणणारा हा एकच नियम. तो मला तोंडपाठ आहे.

उदगीरला लग्न होतं. पत्रिकेवर मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. पत्रिकेत खोटं लिहीत नाहीत, फक्त नवरदेवाला ती दाखवत नाहीत. दोन वाजून गेले तरी वरात डीजेपुढंच होती. सकाळचा नाष्टा पोटात कधीच संपलेला. मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, छातीत धडधड. मी मेहुण्याला म्हणालो, "लवकर साखर आण."

"साखर?" तो दोन पावलं मागं सरला. "येड लागलं का दाजी? तुम्हाला शुगर हाय!"

माझ्याभोवती कडं झालं. त्यात चहावाले होते, पेढेवाले होते, खीरवाले तर होतेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं: दाजींना साखर द्यायची नाही. एक जण पत्रिकेनं वारा घालत होता, एक जण मेथीदाणे शोधायला धावला. शेवटी एका बारक्या पोराच्या हातातली आंब्याच्या रसाची डबी मी हिसकावली आणि नळीसकट तोंडाला लावली. पोरगं असं भोकाड पसरून रडलं की डीजेवाल्यानं आवाज कमी केला.

पंधरा मिनिटांत मी माणसात आलो. हिनं कडं पांगवलं आणि सगळ्यांना नियम समजावून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अक्षता पडल्या, पंगत बसली. जिलेबीचं ताट घेऊन मेहुणा थेट माझ्यापुढं आला.

"दाजी, कमी पडलीय म्हणं तुमची साखर. घ्या की मग!"

मी नको म्हणेपर्यंत दोन वेढी पानात पडली होती, आणि मागं बालूशाहीवाला उभा होता.