हुशार मूल आपोआप वर येत नाही

दहावीच्या निकालाचा हंगाम आला की कोकणातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: अण्णासाहेब कर्वे मुरूडहून चालत साताऱ्याला परीक्षेला गेले, जिद्द असली की काही अडत नाही. कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं, म्हणजे इथल्या मुलांना संधी कमी नाही. नवोदय (केंद्र सरकारची निवासी शाळा), शिष्यवृत्ती परीक्षा सगळ्यांना खुल्या आहेत. मागे राहतो तो आईबापांच्या उदासीनतेमुळे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत माझे स्नेही आहेत, शिक्षकही आहेत. त्यांच्याविषयी आदर ठेवून सांगते, यातला एकही मुद्दा टिकत नाही.

कर्व्यांची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. १८७५ च्या सुमारास सरकारी सहावी इयत्तेच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून निघाले आणि सह्याद्री ओलांडून सुमारे ११० मैल पायी चालत साताऱ्याला पोचले. चण लहान होती. परीक्षकांना ते सतरा वर्षांचे वाटेनात, म्हणून परीक्षेला न बसवताच त्यांना परत पाठवलं. जिद्दीत काय कमी होतं? पुढे कोल्हापूरला जाऊन ते ती परीक्षा पास झाले, हे खरं. पण ज्याला दुसऱ्यांदा निघणं जमलं नाही अशा मुलाचं नाव आपल्यापर्यंत पोचणार कसं? ज्यांना जमलं त्यांच्याच गोष्टी उरतात आणि त्यावरून आपण नियम बांधतो.

आणखी एक गोष्ट संदेशात नाही. मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहिली ती याच कर्व्यांनी. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी हेरला. केळुसकर वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. कॉलेजचा खर्च पेलेना तेव्हा तेच त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची मदत सुरू झाली. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट अफाट होते. तरीही कुणीतरी पाहावं लागलं, हात धरून दारापर्यंत न्यावं लागलं, पैसे द्यावे लागले.

निकालाच्या आकड्याबद्दल थोडक्यात. २०२५ मध्ये कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला, आणि तो अभिमानाचाच आहे. पण या विभागात फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात, रायगड मुंबई विभागात मोजला जातो. शिवाय उत्तीर्णांची टक्केवारी सांगते ती किती जण पस्तिसाच्या पुढे गेले एवढंच. एखाद्या मुलीला जितकं झेपलं असतं तितकं तिला मिळालं का, हे त्यातून कळत नाही. दहावीपर्यंत जी पोचलीच नाही ती तर हिशेबातच नाही.

खरा घोळ 'सगळ्यांना खुल्या' या शब्दांत आहे. नवोदयचा पेपर मला आवडतो. दोन तास, ८० प्रश्न, १०० पैकी ५० गुण बुद्धिमत्ता चाचणीला, पेपर मराठीत देता येतो, फी नाही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. जागा राखून दर्जा घसरतो म्हणणाऱ्यांनी नवोदयचे सीबीएसईचे निकाल पाहावेत, ते वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतात.

पण त्या बाकापर्यंत कोण पोचतं? अर्ज ऑनलाइन, त्यावर मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी ते पाचवी पूर्ण वेळ ग्रामीण शाळेत झालेली हवी. संधी एकदाच. आता रायगडमधल्या कातकरी वाडीतलं मूल घ्या. दिवाळी झाली की कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातं, ते पावसाच्या तोंडावर परततं. नवोदयची चाचणी थंडीत, शिष्यवृत्तीची बहुतेकदा फेब्रुवारीत. दोन्ही वेळा हे मूल भट्टीवर असतं. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं, चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेल्यांची मुलं, डोंगरातल्या धनगरवाड्यांवरची मुलं, यांच्या नावाने अर्ज कोण भरतं? आणि गुरुजींकडूनही नकळत एक चाळण लागते. शाळेचा निकाल बिघडू नये म्हणून 'बसवण्यासारखी' मुलं निवडली जातात. मालवणी किंवा कातकरीत विचार करणारं, वर्गात गप्प बसणारं मूल त्यातून गळतं.

अशी चाळण काढली तर काय होतं, याचं उत्तर अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्यात मिळालं. तिथे प्रज्ञावंत मुलांच्या वर्गासाठी शिक्षक आणि पालक नावं सुचवत. २००५ पासून दुसरीतल्या प्रत्येक मुलाची शब्दांवर न विसंबणारी चाचणी घेतली जाऊ लागली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलं की निवडीची पातळी खाली न आणता हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण १३० टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीय मुलांचं ८० टक्क्यांनी वाढलं. मुलं तीच होती, आधी त्यांना कुणी तपासलंच नव्हतं. पुढे पैसे आटले, सरसकट तपासणी बंद पडली आणि ही वाढही गेली.

आपल्याकडे हे अवघड नाही. दिवाळीआधी, आपापल्या शाळेत, रोजच्या वेळेत, चौथी-पाचवीतल्या एकूण एक मुलाला आकृत्यांची चाचणी द्या. सूचना घरच्या बोलीत समजावून सांगा. स्थलांतरित मुलांसाठी भट्टीच्या जवळचं केंद्र मिळू द्या.

राहिला पालकांच्या उदासीनतेचा मुद्दा. ज्या आईला नवोदय नावाची शाळा आहे हेच कुणी सांगितलं नाही, तिला उदासीन म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. हा संदेश पुढे पाठवण्याआधी आपल्या वाडीच्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: पाचवीतल्या कोणाकोणाचा अर्ज भरलेला नाही, आणि का?