शिंगल्सना खिळे नकोत? खुलासा

गंगापूर धरणाकडे फार्महाऊस बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर शिंगल्सबद्दल (छतावर कौलांसारखे ओळीने बसवायचे डांबरी तुकडे) एक मेसेज फिरतोय: ‘डांबरी शिंगल्सना खिळे मारू नका, छत गळतं. उन्हाने पट्टी आपोआप चिकटते.’

शिंगलवरची डांबरी गोंदाची पट्टी उन्हाने चिकटते, एवढंच खरं. शिंगल धरून ठेवतात ते खिळेच: एरवी प्रत्येकी ४, वाऱ्याच्या जागी ६. खिळा कंपनीने आखलेल्या रेषेवर, सरळ ठोकायचा. डोकं रुतवायचं नाही. वरची ओळ ही डोकी झाकते, मग पाणी शिरणार कुठून? गळतं ते रेषा चुकून उघड्या राहिलेल्या खिळ्यांपाशी.

पावसाच्या तोंडावर काम उरकणाऱ्यांनी (नाशकात हे दरवर्षीचंच) एवढं बघावं: ढगाळ, गार हवेत पट्टी नीट चिकटत नाही. तेव्हा शिंगलखाली रूफिंग सिमेंटचे (छतासाठीचा डांबरी चिकट लेप, साधं सिमेंट नव्हे) रुपयाएवढे ठिपके हाताने लावून दाबावे लागतात, कडेच्या ओळींना तर नक्कीच.