मायक्रोवेव्हवरच्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मायक्रोवेव्ह ओव्हनविरुद्धचा एक मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. थोडक्यात असा: या ओव्हनमध्ये तापवलेल्या अन्नात किरणोत्सर्ग साठून राहतो, रेणू फाटून जीवनसत्त्वे मरतात, दारातून किरण झिरपून शेजारी उभ्या माणसाला बाधतात, आणि म्हणूनच रशियाने 1976 साली या ओव्हनवर बंदी घातली. खाली ‘सर्वांना पाठवा’ असतेच.

रशियाचे आधी उरकून घेऊ. सोव्हिएत संघात मायक्रोवेव्ह लहरींजवळ काम करणाऱ्यांसाठी सुरक्षेची मर्यादा अमेरिकेपेक्षा कितीतरी कडक होती, एवढे खरे. बंदी मात्र मेसेजातच सापडते. 1980च्या दशकात सोव्हिएत कारखाने स्वतःच असे ओव्हन बनवत होते.

आता ‘किरणोत्सर्ग साठतो’. ओव्हनमधल्या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या, फक्त फार लांब. सेकंदाला 245 कोटी कंपने, एका लहरीची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर. यातल्या एका फोटॉनची (म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडक्याची) ऊर्जा लाल दिव्याच्या एका फोटॉनच्या दीड लाखाव्या भागाहूनही कमी असते. अन्न किरणोत्सारी व्हायला अणूच्या गाभ्यात ढवळाढवळ व्हावी लागते; इथे अणूतला इलेक्ट्रॉनसुद्धा सुटत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसेच या लहरी तयार करणारा ओव्हनमधला भाग, मॅग्नेट्रॉन, बंद पडताच त्यांचे होते. उरते ती उष्णता.

या लहरी प्रकाशाच्याच नातलग आहेत हे घरी पडताळता येते. फिरती तबकडी आणि तिच्याखालचे फिरवणारे चाक काढा, सपाट बशीत मोठे चॉकलेट ठेवा आणि जेमतेम वितळू लागेपर्यंत ओव्हन चालवा. चॉकलेट सगळीकडे वितळत नाही, ठिपक्याठिपक्यांनी वितळते. जवळच्या दोन ठिपक्यांमधले अंतर साधारण 6 सेंटिमीटर भरते, म्हणजे अर्धी लहर. त्याची दुप्पट करून 245 कोटींनी गुणा: सेकंदाला सुमारे 29 कोटी 40 लाख मीटर. प्रकाशाचा वेग जवळजवळ 30 कोटी. पट्टी आणि चॉकलेट एवढ्या भांडवलावर हे उत्तर वाईट नाही.

‘रेणू फाटतात’ हे तर उलटेच. पाण्याच्या रेणूला एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण. लहरीतले विद्युतक्षेत्र सारखे दिशा बदलते, त्याच्या मागे हे रेणू वळू पाहतात, शेजाऱ्यांवर आदळतात, आणि पदार्थ तापतो. रेणू तुटत नाही, हलतो. जीवनसत्त्वांचे नुकसान करते ती उष्णता आणि भाजी उकळून फेकून दिलेले पाणी. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, म्हणून थोड्या पाण्यात, थोड्या वेळात शिजवलेल्या भाजीत ते बरेचदा जास्तच टिकते.

दाराचा मुद्दा मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात थोडे तथ्य आहे आणि इंजिनिअरिंग झकास आहे. काचेमागच्या जाळीची भोके एक-दोन मिलिमीटरची. 12 सेंटिमीटरच्या लहरीला ती बंद भिंतच, डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाला मात्र मोकळी वाट. दार आणि चौकट यांच्यामधली फट पूर्ण बुजवता येत नाही. म्हणून दाराच्या कडेने पाव लहरीएवढी, साधारण 3 सेंटिमीटरची खाच ठेवतात. तिच्यात शिरलेली लहर परतताना अशा उलट्या तालात येते की फटीतून निसटू पाहणारी लहर तिथेच दबते. शिवाय दार उघडताच वीज तोडणारे एकाहून अधिक स्विच असतात. तरी गळती शून्य नसते. अमेरिकेतल्या नियमानुसार ओव्हनपासून 5 सेंटिमीटरवर ती दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉटच्या आत हवी, आणि दूर जाल तशी ती झपाट्याने घटते. ओव्हन सुरू असताना वायफाय अडखळते ते याच उरल्यासुरल्या गळतीने. ओव्हनची आणि बऱ्याच वायफायची वारंवारिता जवळपास एकच आणि राउटर मुळात दुबळा.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या 64 मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला काही वर्षे मधूनच विचित्र स्पंद ऐकू येत होते. 2015 साली उलगडा झाला. वेळ संपायच्या आधीच कोणीतरी तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार उघडत होते, आणि मॅग्नेट्रॉन बंद पडतानाच्या क्षणभरात लहरी निसटत होत्या.

‘बंद ओव्हनमध्ये ठेवलेला फोन वाजतो, म्हणजे गळती सिद्ध’ ही पुरवणीही त्याच मेसेजसोबत येते. फोनला एका वॉटच्या अब्जाव्या भागाहूनही कमी सिग्नल पुरतो. दाराने सिग्नल हजारो पट कमी केला तरी तो वाजू शकतो.

खरे धोके मेसेजात नाहीत. या लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, त्यामुळे जाड थराच्या मधोमध अन्न थंड राहू शकते, आणि तिथे जंतूही जिवंत राहतात. मध्येच ढवळून पुन्हा तापवावे लागते. दुसरा धोका साध्या पाण्याचा. गुळगुळीत कपात ते बुडबुडा न येता 100 अंशांच्या वर जाऊ शकते, आणि चमचा किंवा कॉफीची पूड पडताच भसकन उसळून हातावर येते. तापवण्याआधी कपात लाकडी चमचा ठेवला तर बुडबुड्यांना धरायला जागा मिळते आणि पाणी वेळेवर उकळते.