आज्ञाधारकपणे आज्ञा मोडणारा बिशप

इंग्लंडमधल्या लिंकनचं कॅथेड्रल पाहायचं तर स्टीप हिल नावाची चढण चढावी लागते. नावाला पुरेपूर जागणारी. माझ्या गुडघ्यांनी वाटेत दोनदा संप पुकारला. आत गेल्यावर बहुतेक पर्यटक माना वर करून एकच गोष्ट शोधत असतात, खांबांच्या वर कोरलेला एक छोटा दगडी सैतान, 'लिंकन इम्प'. लेकीनेही तोच शोधला, फोटो काढला. मी मात्र खाली बघत फिरत होतो, कारण मला हवी असलेली शिळा जमिनीत होती. रॉबर्ट ग्रोसटेस्टची. १२३५ ते १२५३ इथला बिशप. आडनावाचा फ्रेंचमधला अर्थ 'मोठं डोकं', आणि डोकं खरोखरच मोठं होतं. प्रकाश आणि इंद्रधनुष्य यांवर त्याने ग्रंथ लिहिले, उतारवयात ग्रीक शिकून ॲरिस्टॉटलचा नीतिशास्त्राचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला. विज्ञानवाले त्याला त्यासाठी मानतात. मी गेलो होतो ते त्याच्या एका पत्रासाठी.

मी वसईचा कॅथलिक. 'आज्ञापालन' हा शब्द प्रवचनांत ऐकतच मोठा झालो. म्हणून ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला.

१२५३ साल. पोप चौथा इनोसंट. त्याचा पुतण्या फेदेरिको दी लवान्या याला लिंकनच्या कॅथेड्रलमध्ये कॅननचं, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या मंडळातल्या सदस्याचं, पद द्या, असा हुकूम आला. कॅननचं पद म्हणजे आपल्या भाषेत सरळ वतन. पदाला उत्पन्न जोडलेलं, आणि वतनदाराने गावात पाऊल टाकलंच पाहिजे असं काही नाही. इटलीत बसायचं, पैसे इंग्लंडमधून यायचे. हे एकट्या पुतण्याचं नव्हतं, राजरोस चालायचं. मॅथ्यू पॅरिस हा त्या काळचा बखरकार साधू सांगतो की ग्रोसटेस्टने हिशेब करवला तेव्हा परदेशी धर्मगुरूंना इंग्लंडमधून मिळणारं उत्पन्न ७०,००० मार्कांच्या वर गेलं, आणि खुद्द राजाचा महसूल त्याच्या एक तृतीयांशही भरेना. मॅथ्यूबुवांना रोमचा भारी राग, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असायचा. पण दुखणं खरं होतं.

ग्रोसटेस्टने उत्तर दिलं. (ते थेट पोपला लिहिलं असं बरेचदा सांगतात. ते होतं पोपच्या एका लेखनिकाला, त्याचंही नाव इनोसंटच. अर्थात पोचायचं तिथे पोचलंच.) त्यात तो म्हणतो, पुत्राच्या नात्याने आणि आज्ञाधारकपणेच मी ही आज्ञा पाळत नाही, विरोध करतो, बंड करतो.

'आज्ञाधारकपणेच' हा शब्द पुन्हा वाचा. पोपला अधिकार नाही असं तो म्हणत नाही. उलट अधिकार फार मोठा आहे, पण तो उभारणीसाठी दिलाय, मोडतोडीसाठी नाही. म्हणून असा हुकूम त्या गादीवरून निघूच शकत नाही, आणि निघालाच तर तो न पाळणं हीच त्या गादीची सेवा. त्याचा मुद्दा पैशाचाही नव्हता. लोकांना त्यांचा मेंढपाळच मिळू न देणं म्हणजे आत्म्यांचा खून, आणि सैतान व ख्रिस्तविरोधक यांच्या पापानंतर याहून मोठं पाप नाही, असं त्याने लिहिलंय. पुढे प्रॉटेस्टंट मंडळींनी त्याला आपला पूर्वज ठरवला. मला ते पटत नाही. हा माणूस घर सोडून निघालेला नव्हता, तो घरातच पाय रोवून उभा होता.

आता कुणी म्हणेल, बोलायला काय जातं. पण १२३२ च्या सुमारास, बिशप होण्याआधी, मोठ्या आजारातून उठल्यावर त्याने स्वतःकडची सगळी उत्पन्नाची पदं सोडली आणि लिंकनचं एकच ठेवलं. एकाच माणसाने अनेक पदं अडवून बसायची पद्धत त्याला खुपत होती. बहीण इवेत्ता जोगीण होती, तिला त्याने पत्राने हे कळवलं. मला सारखं वाटतं, हे एक छोटं पत्र नसतं तर त्या मोठ्या पत्राला काही वजन राहिलं नसतं.

बरं, हा काही गोड म्हातारा नव्हता. बिशप होताच तो आपल्या अवाढव्य धर्मप्रांताच्या तपासणीला निघाला. उत्तरेला हंबर नदी, दक्षिणेला टेम्स, ऑक्सफर्डसुद्धा त्यातच. पहिल्याच फेरीत सात मठाधिपती आणि चार उपमठाधिपती घरी बसवले. पुढे स्वतःच्या कॅथेड्रलच्या कॅननांचीही तपासणी करणार म्हणाला तेव्हा तिथे भडका उडाला. मॅथ्यू पॅरिसचा किस्सा असा की एक कॅनन बिशपच्या जुलमाविरुद्ध प्रवचन देत होता, "आम्ही गप्प बसलो तर हे दगड ओरडतील" असं म्हणाला आणि मधला मनोरा धाडकन कोसळला. मनोरा त्याच सुमारास पडला हे खरं. टायमिंगचं श्रेय बखरकाराला द्यावं. भांडण सहा वर्षं चाललं, आणि १२४५ मध्ये निकाल बिशपच्या बाजूने कुणी दिला? याच चौथ्या इनोसंटने! तपासणीचा हक्क ज्याच्या हातून घेतला, त्यालाच आठ वर्षांनी नकार.

आणि एक गोष्ट न लिहिणं अप्रामाणिकपणा होईल. १२३१ मध्ये सिमॉन द माँटफोर्ट या सरदाराने लेस्टर शहरातून यहुद्यांना हाकललं. त्यानंतर ग्रोसटेस्टने विंचेस्टरच्या काउंटेसला लिहिलेलं पत्र आहे. यहुद्यांना मारू नये, पण त्यांनी दास्यात राहून कष्टाने पोट भरावं, असा त्याचा सूर. ते वाचून मन विटतं. 'काळच तसा होता' म्हणून मला ते सोडवत नाही, कारण वेळ आली तेव्हा हाच माणूस काळाच्या विरुद्ध उभा राहू शकला होता. माझ्या घरात त्याची तसबीर लागणार नाही ती याच पत्रामुळे.

रोमनेही त्याला संत केलं नाही. प्रयत्न बरेच झाले, सगळे फसले. पोपला नकार देणाऱ्या त्या पत्रानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १२५३ मध्ये, तो बकडेनला वारला. मॅथ्यू पॅरिस पुढे असंही सांगतो की पोपच्या स्वप्नात हा बिशप आला आणि हातातला दंड त्याच्या बरगडीत खुपसून गेला. यावर कुणी विश्वास ठेवावा असं नाही, पण तपासणीच्या वेळी मठवाल्यांना पिडतो म्हणून याच मॅथ्यूने त्याच्यावर भरपूर आग पाखडली होती. तो मेल्यावर मात्र त्याच बखरीत त्याचं कौतुक करताना त्याची लेखणी थांबत नाही.

शिळेपाशी पाचेक मिनिटं उभा होतो. लेक म्हणाली, बाबा, चला, खाली कॅफे बंद होईल.