पाइपकडे परतण्याबद्दल: एका दंतवैद्य वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा पाइप ओढू लागलो, त्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. ज्यांच्या नजरेतून ती निसटली असेल त्यांच्यासाठी तिचा गाभा आधी नोंदवतो. आपण गिरगावात दंतवैद्यकाचा व्यवसाय करता. सिगारेट सोडलेल्या आपल्या एका रुग्णाने माझा लेख मोबाइलवर उघडून आपल्यापुढे धरला आणि ‘हे गृहस्थ धूर छातीत घेत नाहीत, मग एवढे चालेल ना?’ असे विचारले. त्यावरून आपण तीन हरकती घेतल्या आहेत. धूर तोंडातच ठेवणे हा दिलासा नाही, तोंडाच्या दृष्टीने तीच तर खरी अडचण आहे, ही पहिली. पाइप भरण्या-पेटवण्याचे मी मोठे रसाळ वर्णन केले, परंतु ‘कर्मकांडाने विष पवित्र होत नाही’, ही दुसरी. तंबाखू-चुना मळणाऱ्या हमालाला आपण सगळे उपदेश करतो, मग सुखवस्तू माणसाच्या तंबाखूला मात्र छंदाचा मान का, ही तिसरी. लेख काढून टाकावा, अशी आपली सूचना आहे.

लेख मी काढणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र आपली पहिली हरकत मला पूर्णपणे मान्य आहे. आपण मांडली त्याहून ती जुनीही आहे आणि भक्कमही. पाइप ओढणाऱ्यांमध्ये ओठाचा कर्करोग अधिक दिसतो, ही नोंद जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ झ्योमरिंग यांनी १७९५ मध्येच केली होती, आणि तेव्हा यंत्रावरची सिगारेट जन्माला यायला अजून बराच काळ होता. पाइपच्या तंबाखूचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक अल्कधर्मी असतो. त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शोषले जाते आणि धूर खोल ओढण्याची गरज भासत नाही. म्हणजे ‘छातीत घेत नाही’ यात ओढणाऱ्याचा संयम कमी आणि त्या धुराचा गुणधर्म अधिक आहे. माझ्या लेखातले ते वाक्य पद्धतीचे वर्णन होते, अभयदान नव्हते. पाइपवाल्यांच्या टाळूवर उष्णतेने पांढुरका थर येतो आणि त्यात लाल ठिपके उठून दिसतात, हे आपण आपल्या खुर्चीतल्या दिव्याखाली माझ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा पाहिले असेल.

माझ्या बाजूने लिहिणाऱ्या काही वाचकांनी आपल्याला उलट उत्तरे दिली आहेत, त्यांचाही समाचार येथेच घेतो, कारण ती उत्तरे माझी नाहीत. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या, म्हणजे तेथील सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांच्या, १९६४ च्या अहवालात पाइप ओढणाऱ्यांचा मृत्युदर न ओढणाऱ्यांपेक्षा फारसा अधिक नसल्याचे म्हटले होते आणि ते एक वाक्य पाइपवाले आजतागायत ताइतासारखे गळ्यात बांधून फिरतात. त्याच अहवालाने पाइपचा ओठाच्या कर्करोगाशी संबंध जोडला होता, ते मात्र कोणी सांगत नाही. पुढे २००४ मध्ये, अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या प्रचंड पाहणीतून, केवळ पाइप ओढणाऱ्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका तंबाखूला न शिवलेल्यांच्या सुमारे पाचपट आढळला. स्वरयंत्र, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगांचा धोकाही वाढलेला होता आणि हृदयविकाराचाही. हे धोके सिगारेटच्या मानाने साधारणपणे कमी निघाले, हे खरे आहे. परंतु सिगारेटपेक्षा कमी असणे ही काही मोठी प्रतिष्ठा नव्हे.

एका वाचकाने बर्ट्रंड रसेल यांचा दाखला दिला आहे, की ते जन्मभर पाइप ओढत ९७ वर्षे जगले. जगले खरे. इतकेच नव्हे, तर २ ऑक्टोबर १९४८ रोजी नॉर्वेमध्ये पाण्यावर उतरताना कोसळलेल्या ज्या विमानात १९ जण दगावले, त्यातून रसेल वाचले ते धूम्रपानाच्या भागात बसले होते म्हणूनच. मोठी गमतीदार कथा आहे, परंतु तिच्यावरून कोणी आरोग्याचे धोरण ठरवू नये. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक नियम लागू झाले तेही २ ऑक्टोबरलाच, २००८ साली. त्या बंदीची वाट ज्यांच्या याचिकेने २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोकळी केली ते मुरली देवरा आपल्या मुंबईचेच.

आता आपल्या त्या रुग्णाविषयी. मला त्यांना थेट सांगायचे आहे, आणि आपण हा मजकूर त्यांना दाखवलात तर मी आभारी राहीन. माझे परतणे हे त्यांच्यासाठी उदाहरण नाही. मी पूर्वी ओढत होतो तो पाइपच. सिगारेटची सवय मला कधी नव्हती. ज्याने वर्षानुवर्षे सिगारेट ओढली आहे, त्याची छाती धूर आत घ्यायला शिकलेली असते आणि पाइप हातात आला तरी ती हे शिक्षण विसरत नाही. सिगारेटवरून पाइपकडे वळलेले लोक पाइपचा धूरही छातीत ओढतात, हे अनेक पाहण्यांत दिसलेले आहे. असा माणूस पाइपपासून जो काही थोडाफार फायदा मिळाला असता तोही गमावतो आणि सोडलेल्या व्यसनाचे दार पुन्हा किलकिले करतो. त्यांनी सिगारेट सोडली, हे मी पाइपवर लिहिलेल्या कोणत्याही ओळीपेक्षा मोलाचे आहे.

कर्मकांडाच्या मुद्द्यावर मात्र माझे आपल्याशी मतभेद आहेत, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल. आमच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू झाला, सामान बांधताना माळ्यावरच्या एका डब्यात माझे जुने पाइप निघाले, आणि परतणे सुरू झाले ते तेथून. ते ओढण्याच्या स्थितीत नव्हते. ब्रायरचा पाइप म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुडाशी येणाऱ्या गाठीतून कोरलेले लाकूड. ती गाठ तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने सुकवून मग कोरतात, म्हणून ती निखाऱ्याला दाद देत नाही. लाकूड टिकले होते. परंतु माउथपीस एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून घट्ट केलेल्या रबराचे असते, आणि उजेडाने व दमट हवेने त्यातले गंधक पृष्ठभागावर येऊन काळा रंग हिरवट-पिवळा पडतो. मुंबईच्या हवेने ते काम चोख बजावले होते. जिभेला लावले तर जळक्या रबराची कडू चव येत होती.

त्यावर ४०० नंबरपासून २००० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, एकेक नंबर चढवत घासावे लागते, आणि लाकडाला लागून असलेली कड गोल होऊ नये म्हणून तेथे बोट हलके ठेवावे लागते. मधल्या नंबरांवर माउथपीस राखाडी आणि निस्तेज दिसते, इतके की काम बिघडले असे वाटावे. शेवटच्या दोन नंबरांत अचानक काळा रंग खोलातून वर येतो. बाउलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, आत साचलेला काजळीचा थर, ज्याला पाइपवाले केक म्हणतात, तो एखाद्या मिलिमीटरहून जाड होऊ द्यायचा नसतो, कारण तापल्यावर तो लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि बाउलला तडा जातो. तो खरवडायचा, मग बाउलमध्ये कापूस भरून त्यावर औषधाच्या दुकानातले अल्कोहोल थेंबथेंब सोडायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी कापूस चहाच्या रंगाचा निघतो. तो पांढरा निघेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. हा कापूस जवळून पाहिलेल्या माणसाला आपल्या तोंडातून काय जाते याविषयी फारसा भ्रम उरत नाही. माझ्या मते आपल्या दवाखान्यातल्या तक्त्यांइतकेच ते प्रभावी दृश्य आहे.

नंतर मी शुक्रवारी चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर जाऊन इतरांचे टाकलेले पाइप पाहू लागलो. बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. कधी घड्याळांच्या आणि पितळी कड्यांच्या ढिगाखाली एखादा सापडतो. माझा या छंदातला बराचसा वेळ या कामात जातो. यावर आपण म्हणाल की मग पेटवता कशाला, आणि हा प्रश्न रास्त आहे. धूर न काढता पाइप खरोखर दुरुस्त झाला की नाही हे कळत नाही, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे की मला तो आवडतो.

परंतु आपण ज्याला कर्मकांड म्हणता, त्याचा मला प्रत्यक्ष उपयोग होतो तो लगाम म्हणून. विष त्याने पवित्र होत नाही, त्याची मात्रा मात्र आवरली जाते. डब्यातून काढलेला तंबाखू बहुधा ओला असतो. तो कागदावर पसरून सुकू द्यावा लागतो, नाहीतर धुराऐवजी वाफ येते आणि जीभ भाजते. पहिली काडी केवळ वरचा थर काळा करण्यासाठी, मग टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीने, तो हलका दाबायचा, आणि दुसरी काडी खरी. घाईने झुरके घेतले तर बाउल इतका तापतो की गालाला लावता येत नाही. ओढून झाल्यावर पाइप गरम असताना माउथपीस फिरवून काढायचे नाही, नाहीतर जोड तुटतो, आणि लाकडात मुरलेला ओलावा निघून जाईपर्यंत त्याला निदान एक दिवस विश्रांती द्यायची. ज्याच्याकडे मोजके पाइप आहेत त्याला या नियमानेच थांबावे लागते. (पुष्कळजण पाइपांची संख्या वाढवून हा नियम निकालात काढतात, हेही नमूद केले पाहिजे, आणि संग्रहाच्या नावाखाली चाललेला तो प्रकार मला पटत नाही.)

मुंबईत यावर आणखी एक बंधन आपोआप पडते. पावसाळ्यात येथे तंबाखू सुकत नाही, उलट हवेतले पाणी शोषून घेतो. पाइप आतून आंबूस होतात आणि बरणीचे झाकण जरा सैल राहिले की बुरशी धरते. म्हणून आषाढीपासून कार्तिकीपर्यंत माझे पाइप बंद असतात. माझ्या चातुर्मासात धर्माचा भाग थोडा आणि हवेचा अधिक आहे, परंतु वर्षाचा तिसरा हिस्सा मी ओढत नाही आणि त्याने माझी झोप उडत नाही. हे सर्वांना जमेल असा माझा दावा नाही. निकोटिन माणसागणिक वेगळे वागते, आणि ज्याला श्रावणात बरणीची आठवण अस्वस्थ करील त्याने पाइपला शिवू नये.

तिसऱ्या हरकतीवर मला बचाव करायचाच नाही, कारण ती खरी आहे आणि फार जुनी आहे. अकबराचा दूत असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून अकबराच्या दरबारात तंबाखू नेला, तो रत्ने आणि मिनाकारीने मढवलेल्या नळीसह. बादशहाने झुरके घेतले, वैद्याने हरकत घेतली, आणि दरबारी मंडळींनी तरीही तंबाखू उचलला. म्हणजे उत्तर हिंदुस्थानात तंबाखूचा प्रवेशच मुळी दागिने घालून झाला, आणि वैद्याचा विरोधही त्याच दिवसाचा. पुढे दागिने वरच्यांकडे राहिले आणि चुना, विडी, मशेरी खालच्यांच्या वाट्याला आली. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर नातेवाइकांसह राहणारे जे रुग्ण आपण उल्लेखिले आहेत, त्यांच्यात पाइप ओढणारा शोधून सापडणार नाही, याचे कारण पाइप सुरक्षित आहे हे नसून तो त्यांना परवडत नाही हे आहे. दारातल्या हमालाला तंबाखूवरून बोलण्याचा अधिकार पाइपवाल्याला नाही, हे मी निःसंकोचपणे मान्य करतो. मी तसे बोलतही नाही.

परंतु या विषमतेवरचा उपाय पाइपबद्दल मौन पाळणे हा आहे असे मला वाटत नाही. पाइपला जी झळाळी आहे ती फोटोतल्या पाइपची आहे, आणि फोटोतला पाइप बहुतेक वेळा पेटलेलाच नसतो. त्या पोझमध्ये कापसाचा तो तपकिरी बोळा नसतो, भाजलेली जीभ नसते, टाळूवरचे ठिपके नसतात. या गोष्टी जो स्वतः पाइप साफ करतो तोच नीट लिहू शकतो, आणि माझ्या लेखात त्या होत्या. सुगंधी तंबाखूचा धूर खोलीत गोड वाटतो म्हणून तो शेजाऱ्याच्या मुलाला कमी अपाय करतो, या समजाविरुद्धही मी लिहिले होते. मी ओढतो तो रात्री गच्चीवर, जेथे कोणी नसेल तेथे, आणि कोणी आले तर विझवतो.

आता व्यवहाराचे. आपली प्रतिक्रिया मी त्या लेखाच्या वर, पहिल्या परिच्छेदाच्याही आधी ठेवत आहे, म्हणजे आपल्या रुग्णासारखा कोणी तो उघडेल तेव्हा त्याला आधी आपण भेटाल. तंबाखूच्या कोणत्याही कंपनीचे किंवा दुकानाचे नाव मी आजवर लिहिलेले नाही आणि पुढेही लिहिणार नाही. ‘सुरुवात कशी करावी’ असे विचारणाऱ्या, पूर्वी कधीही तंबाखूला न शिवलेल्या वाचकांना माझे उत्तर एकच असते, की करू नका. जुने पाइप दुरुस्त करायचे असतील तर जरूर या, पॉलिश पेपरचे नंबर मी सांगतो.

आपण शेवटी विचारले आहे की मी स्वतः तोंड तपासून घेतो का. नियमितपणे घेतो, दादरला, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना पाइपविषयी आधीच सांगून ठेवले आहे, म्हणजे ते जिभेखाली आणि टाळूवर मुद्दाम पाहतात. न जाणारा चट्टा दिसला तर पाइप त्या दिवसापासून बंद, असे त्यांच्याशी माझे ठरलेले आहे.

आपला स्नेहांकित,
लेखक